चढाई एकट्याची, गुण कोणाचे?

जवळा बाजारात कबड्डीची चर्चा निघाली की आम्हांला एक प्रश्न छळतो : तरुण चढाईपटूचे मूल्यमापन त्याच्या सहकाऱ्यांना वगळून करता येते काय? चढाई एकट्याने करावयाची, म्हणून तिचे यशही एकट्याचे वाटते. परंतु बाद झालेला खेळाडू बाहेर बसतो आणि सहकाऱ्यांनी गडी टिपल्यावाचून तो जिवंत होत नाही. भक्कम पकडीचा संघ त्याला पुनःपुन्हा मैदानात आणतो. दुबळा संघ बाहेरच बसवून ठेवतो.

प्रो कबड्डीच्या दहाव्या हंगामात पुणेरी पलटणचा तरुण कर्णधार अस्लम इनामदार सर्वाधिक मूल्यवान खेळाडू ठरला. १ मार्च २०२४ रोजी पलटणने हरियाणा स्टीलर्सला २८-२५ असे नमवून विजेतेपद मिळविले. चढाईच्या गुणांत मात्र दिल्लीचा आशू मलिक त्याच्या पुढे होता. अस्लमच्या पाठीशी मोहम्मदरेझा शादलुईसारखा इराणी बचावपटू होता. त्याचे पकडीचे गुण ९९. यामुळे अस्लमचे कर्तृत्व उणे होत नाही. ते कोणत्या भूमीत रुजले, एवढेच कळते.

नटाची पारख करताना समोरचा नट कसा होता, हे आपण पाहतोच. मग गावच्या दुबळ्या संघातील पोराला केवळ कमी गुणांसाठी निवडीतून का वगळावे? त्याला चढाया किती मिळाल्या, समोर गडी किती होते, दोन रित्या चढायांनंतरच्या निर्णायक तिसऱ्या चढाईत त्याने काय केले, हे विचारावे. बेरीज कोणीही करील; पारख त्यानंतर सुरू होते.