‘पाहा ३.४’



पेठ तालुक्यातील कोकणा बोलीवरचा माझा प्रबंध टंकलिखित झाला, तेव्हा शीर्षकांचे क्रमांक मी हातानेच घातले होते. अखेरच्या आठवड्यात मार्गदर्शकांच्या सूचनेवरून तिसऱ्या प्रकरणात एक विभाग वाढला आणि ३.४चा ३.५ झाला. शीर्षके बदलली, मजकुरात विखुरलेले निर्देश बदलताना मात्र एक राहून गेला. सावळघाटापलीकडच्या एका पाड्यावरील आजींच्या कथनाकडे नेणारा तो ‘पाहा ३.४’ आता दुसऱ्याच निवेदकाच्या उताऱ्याकडे नेत होता. पुढे एका अभ्यासकाने तो उतारा आजींच्या नावे उद्धृत केला. मी पाड्यावर गेले, तेव्हा आजी हयात नव्हत्या.

क्रमांकावर विसंबण्यातील ही अडचण जुनीच आहे. ज्ञानेश्वरीच्या निरनिराळ्या प्रतींत ओव्यांचे क्रमांक जुळत नाहीत. म्हणून राजवाडे यांची १९०९ची प्रत की अन्य कोणती, हे सांगावेच लागते.

तुमच्या हाती आज वर्ड आहे. शीर्षक केवळ ठळक करून भागत नाही. त्याला ‘हेडिंग १’, ‘हेडिंग २’ अशी शैली द्या आणि बहुस्तरीय क्रमांकन त्या शैलींशी जोडा. क्रमांक मध्येच चुकला, तर तो पुसून हाताने लिहू नका. परिच्छेदाला कोणती शैली लागली आहे ते तपासा. शीर्षकाची शैली राहून गेलेली एखादी रिकामी ओळही एक क्रमांक खाऊन बसते!

‘पाहा’पुढचा आकडाही टंकू नका, ‘रेफरन्सेस’मधील ‘क्रॉस-रेफरन्स’ने घाला. वर्ड त्या शीर्षकावर एक अदृश्य खूण ठेवतो आणि निर्देश त्या खुणेशी बांधला जातो. शीर्षक पुसून नव्याने लिहिले, की खूणही जाते आणि निर्देशाच्या जागी ‘एरर! रेफरन्स सोर्स नॉट फाउंड’ उमटते. अशा वेळी तो निर्देश काढून पुन्हा घालावा लागतो. म्हणून शीर्षकातील शब्द बदलायचे असल्यास आतल्या आत बदला.

विभाग पुढेमागे केल्यावर निर्देश आपोआप सुधारतीलच असे नाही. कंट्रोल-ए आणि मग एफ-९ दाबा. तळटीपांना ही आज्ञा पोहोचत नाही. तेथे कर्सर नेऊन ती पुन्हा द्यावी लागते. शेवटी ‘एरर’ हा शब्द शोधा आणि प्रत्येक ‘पाहा’ स्वतः उघडून वाचा, कारण चुकीच्या पण अस्तित्वात असलेल्या विभागाकडे नेणारा निर्देश कोणतेही यंत्र पकडत नाही.

माझ्या प्रतीत मी पेन्सिलीने ३.५ केले आहे. ग्रंथालयातील प्रतीत अजून ३.४च आहे.