यंत्र आणि जयणा

निवृत्तीनंतर मुलाने एस्प्रेसो कॉफीचे छोटे यंत्र भेट दिले. 9 बार दाबाचे गरम पाणी बारीक दळलेल्या कॉफीतून 25-30 सेकंदांत उतरताना पाहण्यात मोठी मौज वाटे.

गेल्या पर्युषणात आठ दिवस कॉफीचा त्याग केला. यंत्र मात्र न धुताच झाकून ठेवले. पारण्याच्या सकाळी गाळणीचा दांडा काढला, तर आतील ओल्या चोथ्यावर पांढरी बुरशी! पुण्यातील भाद्रपद, दमट हवा. दुसरे काय होणार? सौ. शांतपणे म्हणाल्या, "जिभेचा त्याग केलात, जयणा मात्र राहिली."

बुरशी अनंतकाय, हे पाठशाळेपासून पाठ होते. बँकेत रोजची रोकड जुळल्याशिवाय न उठणारा मी घरात चुकलो होतो.

आता कप भरताच चोथा काढतो, जाळी धुऊन पुसतो, दुधाची वाफनळी ओल्या फडक्याने लगेच टिपतो. टाकीत गाळलेलेच पाणी भरतो आणि सूर्यास्तापूर्वी ती रिकामी करून सुकवतो. साचलेले क्षारही पुस्तिकेप्रमाणे काढतो. या साऱ्याला रोज पाच मिनिटे पुरतात.

आदल्याच दिवशी सर्व जीवांची क्षमा मागितली होती. त्या वेळी हे जीव ध्यानातही नव्हते. त्यांनाही आज मिच्छामि दुक्कडम्.