एका गल्ल्याचे शहर

लंडनच्या लाल बसमध्ये चढणारा माणूस भाडे किती, असे विचारत नाही. दाराशी बसवलेल्या पिवळ्या यंत्रावर तो कार्ड टेकवतो, बारीकसा आवाज होतो आणि तो आत जाऊन बसतो. जुलै २०१४ पासून इथल्या बसमध्ये रोख पैसे घेतच नाहीत. महाराष्ट्रातून येणाऱ्या पाहुण्यांना हे फार भावते आणि आपल्याकडे असे यंत्र कधी येणार, हा प्रश्न हटकून निघतो. त्या प्रश्नातच चूक दडलेली आहे असे मला वाटते. यंत्र विकत मिळते, कार्ड छापून मिळते आणि दोन्ही आपल्याकडे आलेलीही आहेत. लंडनकडून घ्यायचे ते त्या यंत्राच्या पलीकडे आहे. प्रवाशाने दिलेला पैसा कोणाच्याही गाडीत दिला तरी तो एका गल्ल्यात पडतो आणि तिथून ठरलेल्या हिशेबाने वाटला जातो. हा गल्ला आधी एक झाला, कार्ड नंतर आले. आपण नेमका उलटा क्रम धरला आहे, आणि त्याची किंमत उरणजवळच्या चिरनेरसारख्या गावातून शहराकडे निघणारा माणूस रोज मोजतो आहे.

क्रमाची ही गोष्ट इतिहासातून नीट दिसते. लंडनच्या भाड्यांची फेररचना सुरू झाली ती १९८१ मध्ये. त्या वेळच्या ग्रेटर लंडन कौन्सिलने भाडी सरासरी ३२ टक्क्यांनी उतरवली आणि शहराचे पट्टे, म्हणजे झोन, पाडले. ब्रॉम्ली या उपनगराच्या नगरपालिकेने त्याविरुद्ध दावा लावला, डिसेंबर १९८१ मध्ये सर्वोच्च न्यायपीठाने ती कपात बेकायदा ठरवली आणि १९८२ च्या मार्चमध्ये भाडी जवळजवळ दुप्पट झाली. एवढा तडाखा खाऊनही कल्पना मेली नाही. मे १९८३ मध्ये ट्रॅव्हलकार्ड आले, एकच कागदी पास आणि त्यावर बस व भुयारी रेल्वे दोन्ही. १९८५ मध्ये ब्रिटिश रेलला सामावून घेणारा पासही निघाला. पासाचे पैसे कोणी किती घ्यायचे, हे प्रवाशांची पाहणी करून ठरू लागले. त्या पासात एकही चिप नव्हती. साध्या पुठ्ठ्याने शहराच्या वाहतुकीचा गल्ला एकत्र बांधला, आणि ऑयस्टर हे स्मार्ट कार्ड उजाडले ते तब्बल २० वर्षांनी, २००३ मध्ये.

मग कार्डाने काय साधले? जे कागदाला जमत नव्हते ते. २००५ मध्ये ऑयस्टरवर दिवसाची कमाल मर्यादा लागू झाली. बसचे एक भाडे २०२३ मध्ये १.७५ पौंड झाले. दिवसभरात नुसत्या बसनेच फिरणाऱ्याच्या खात्यावर अशी तीन भाडी पडली, म्हणजे त्या दराने ५.२५ पौंड झाले, की पुढच्या फेऱ्यांना काही पडत नाही. २०१४ पासून बँकेच्या कार्डाने प्रवास करणाऱ्याला आठवड्याचीही अशी मर्यादा मिळाली. याचा अर्थ नीट उलगडून पाहायला हवा. महिन्याचा पास स्वस्त पडतो हे सगळ्यांनाच ठाऊक असते, पण ज्याचे हातावर पोट आहे त्याच्याजवळ पहिल्या तारखेला पासाएवढी रक्कम एकरकमी नसते. म्हणून गरीब माणूस सुटी तिकिटे काढतो आणि पगारदारापेक्षा जास्त पैसे भरतो. कमाल मर्यादेने हा अन्याय पुसला. पासाचा फायदा पास न काढता मिळू लागला. २०१६ मध्ये पुढचे पाऊल पडले, एका तासात दुसरी बस धरली तर तिचे भाडे नाही. जानेवारी २०१८ पासून त्या तासात कितीही बस बदलाव्यात, एकच भाडे. बस बदलावी लागणे हा मार्ग आखणाऱ्याचा निर्णय असतो, त्याचा भुर्दंड प्रवाशाने का भरावा, हा त्यामागचा साधा विचार आहे.

हे शक्य झाले कारण बस चालवणाऱ्या कंपन्यांचा तिकिटाच्या पैशाशी थेट संबंध ठेवलेला नाही. लंडनच्या बस खासगी कंपन्या चालवतात, पण मार्ग, वेळापत्रक आणि भाडे ठरवते ती ट्रान्सपोर्ट फॉर लंडन ही सार्वजनिक संस्था. भाडे तिच्याकडे जमा होते आणि कंपनीला कराराप्रमाणे बस चालवण्याचा मोबदला मिळतो. त्यामुळे दुसरी बस फुकट झाली म्हणून दुसऱ्या कंपनीच्या पोटात दुखत नाही. जिथे कारभार असा एकहाती नव्हता, तिथे लंडनलाही वेळ लागला. शहरातल्या उपनगरी रेल्वेमार्गांवर सुट्या प्रवासासाठी ऑयस्टर सगळीकडे चालू झाले ते जानेवारी २०१० मध्ये, म्हणजे कार्ड आल्यानंतर सात वर्षांनी. यंत्रे बसवण्यापेक्षा निरनिराळ्या रेल्वे कंपन्यांशी पैशाचा हिशेब जमवणे जड गेले.

आता चिरनेरहून निघू. गावातला एखादा तरुण तळोज्याच्या कारखान्यात कामाला जातो असे धरू. तो एसटीने उरण गाठतो. जानेवारी २०२४ पासून उरणपर्यंत लोकल आली आहे, तिने तो बेलापूरला उतरतो. तिथून नोव्हेंबर २०२३ मध्ये सुरू झालेली नवी मुंबईची मेट्रो त्याला पेंधरपर्यंत नेते. रस्ता एकच, पण मालक तीन : राज्य परिवहन महामंडळ, मध्य रेल्वे आणि सिडको. प्रत्येक टप्प्यावर भाडे पहिल्यापासून मोजायला लागते, जणू हा माणूस आत्ताच घरातून निघाला आहे. सवलतींची गत याहून वाईट. मार्च २०२३ पासून एसटीत बाईमाणसाला अर्धे तिकीट आहे. ऑगस्ट २०२२ पासून पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना एसटी फुकट आहे. पण उरणच्या फलाटावर पाय ठेवला की बाईचे तिकीट पूर्ण होते, आणि ज्येष्ठांची रेल्वेतली सवलत तर मार्च २०२० पासून बंदच आहे. सरकारने माणसाला दिलेला मान गाडी बदलली की संपतो. सवलत माणसाला दिलेली नसून गाडीला दिलेली आहे, हे यातून उघड होते.

या दुखण्यावर आपण आजवर कार्डांचेच औषध दिले. लोकल आणि बेस्ट या दोन्हींत चालावे म्हणून ‘गो मुंबई’ कार्ड आणले गेले, ते टिकले नाही. २०१९ मध्ये एसटीने सवलतधारकांसाठी स्मार्ट कार्ड काढले, त्याची मुदत पुन्हा पुन्हा वाढवावी लागली. त्याच वर्षी मार्चमध्ये देशभर चालेल असे नॅशनल कॉमन मोबिलिटी कार्ड आले, आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये मुंबई महानगरातल्या ११ वाहतूक सेवांना जोडणारे ‘मुंबई वन’ ॲप. हे शेवटचे पाऊल चांगले आहे आणि त्याचे श्रेय दिलेच पाहिजे, रांगा वाचतात, सुट्या पैशांची कटकट जाते, एका तिकिटात अनेक टप्पे मावतात. पण टप्प्यांची भाडी आपापल्या दराने मोजून त्यांची बेरीज करणे म्हणजे एक भाडे नव्हे. खिसा एक झाला, गल्ले वेगळेच राहिले. कार्ड ही बाटली आहे, तिच्यात काय भरायचे ते दरपत्रक ठरवते, आणि त्या दरपत्रकावर अजून कोणी एकत्र बसलेले नाही.

यावर पहिला आक्षेप असा येतो की आपल्याकडे यूपीआय आहे, भाजीवालीसुद्धा क्यूआर कोड लावून बसते, मग कार्डाचे खूळ कशाला? पैसे पोचवण्यापुरते हे खरे आहे. पण यूपीआयला एवढेच कळते की अमुक खात्यातून वीस रुपये गेले. हा माणूस अर्ध्या तासापूर्वी एसटीतून उतरला आहे, त्याच्या आजच्या फेऱ्या मर्यादेपर्यंत पोचल्या आहेत, हे त्या व्यवहारात कुठेच नसते. प्रवासाची आठवण ठेवणारी काहीतरी खूण लागते, मग ती कार्ड असो, फोन असो की बँकेचे खाते. लंडनमध्येही सुट्या प्रवासाचे अर्ध्याहून अधिक पैसे आता ऑयस्टरऐवजी साध्या बँक कार्डाने भरले जातात, म्हणजे वस्तूचा आग्रह तिथेही उरलेला नाही. शिवाय दारात गर्दी खोळंबलेली असताना अर्ध्या सेकंदात, नेटवर्क नसतानाही काम उरकायचे असेल तर टेकवायचे कार्ड फोनवरच्या कोडापेक्षा सोयीचे पडते.

दुसरा आक्षेप पैशाचा, आणि तो वजनदार आहे. लंडन श्रीमंत आहे, कमाल मर्यादेचा तोटा ते सोसू शकते. एसटी आणि महापालिकांच्या बससेवा आधीच तोट्यात आहेत. हे नाकारून चालणार नाही. लंडनचा प्रवासही काही स्वस्त नाही, भुयारी रेल्वेचे भाडे इथल्या कामगारालाही बोचते. पण एकत्र भाड्याचा अर्थ सगळे फुकट असा होत नाही. एकूण भार तोच ठेवूनही तो कोणावर टाकायचा हे बदलता येते. आज तो गाडी बदलणाऱ्यावर पडतो, आणि गाडी जास्तीत जास्त वेळा बदलतो तो दूर राहणारा, कारण जवळचे घर त्याला परवडत नाही. असा माणूस दुचाकीचा हप्ता आणि तीन तिकिटे यांची तुलना करतो आणि एके दिवशी दुचाकी घेतो. मग एसटीचे, रेल्वेचे आणि मेट्रोचे, तिघांचेही भाडे बुडते. बदलीच्या भाड्यात दिलेली सूट हिशेबाच्या वहीत तोटा म्हणून दिसते, कायमचा गेलेला प्रवासी मात्र कुठल्याच रकान्यात दिसत नाही.

तिसरा आक्षेप मला सर्वांत जवळचा वाटतो, कारण तो म्हाताऱ्या माणसांच्या बाजूने येतो. कार्ड आले की रोकड जाते, कंडक्टर जातो आणि ज्याला यंत्राचे कळत नाही तो फलाटावर राहतो. लंडनने रोकड बंद करताना ही भीती गंभीरपणे घेतली. ऑयस्टरवर थोडीच शिल्लक असली तरी बसची आणखी एक फेरी करू द्यायची सोय तेव्हाच ठेवली, आणि कोपऱ्यावरच्या हजारो दुकानांत रोख देऊन कार्ड भरता येते. सिंगापूरने तर माघारही घेतली. तिथे जुनी कार्डे बंद करून सगळ्यांना नव्या पद्धतीवर आणायचे ठरले होते, पण नव्या पद्धतीत किती भाडे कापले आणि किती शिल्लक उरली ते यंत्रावर दिसत नसे. लोक चिडले, आणि जानेवारी २०२४ मध्ये सरकारने निर्णय फिरवून जुनी कार्डे चालू ठेवण्यासाठी चार कोटी सिंगापुरी डॉलर वेगळे काढले. आपला पैसा किती गेला हे डोळ्यांनी पाहण्याचा हक्क लोकांना इतका महत्त्वाचा वाटला. ऑयस्टरही जुलै २००८ मध्ये दोनदा कोलमडले होते. त्यामुळे आपल्याकडे रोख घेणारा कंडक्टर राहिलाच पाहिजे. एसटीचा कंडक्टर तिकिटाबरोबर म्हातारीचे गाठोडेही वर घेतो, ते काम कुठलेही यंत्र करणार नाही. कार्डामुळे आपल्या प्रवासावर पाळत राहील ही भीतीही रास्त आहे, पण तिच्यातून वाट आहे. लंडनमध्ये नाव न नोंदवता ऑयस्टर मिळते. आपल्या रिझर्व्ह बँकेनेही फेब्रुवारी २०२४ मध्ये ओळखपत्राशिवाय तीन हजार रुपयांपर्यंतची प्रवास-कार्डे देण्याची मुभा दिली आहे. सवलत हवी त्याने ओळख द्यावी, नको त्याच्याकडे मागू नये.

चिरनेरचे नाव महाराष्ट्राला माहीत आहे ते २५ सप्टेंबर १९३० च्या जंगल सत्याग्रहामुळे. जंगलाचे नियम दूरच्या कचेरीत ठरत होते आणि त्यांचा भार डोक्यावर मोळी वाहणाऱ्यावर पडत होता. बसच्या भाड्याची तुलना त्या बलिदानाशी मी करणार नाही, पण त्या दिवसाने घालून दिलेली कसोटी मात्र आजही लागू पडते : नियम न्याय्य आहे की नाही हे कचेरीतून पाहायचे नसते, वाटेच्या शेवटी उभ्या असलेल्या माणसाकडून पाहायचे असते. नव्या कार्डाचे उद्घाटन होईल तेव्हा त्याचा रंग आणि वेग पाहू नये. महामंडळ, रेल्वे, सिडको आणि महापालिका यांनी एका दरपत्रकावर सह्या केल्या आहेत का, एवढेच विचारावे. केल्या असतील तर पुठ्ठ्याचा पाससुद्धा पुरेल. आणि चिरनेरहून एसटीत अर्ध्या तिकिटावर बसलेली बाई बेलापूरच्या मेट्रोतून उतरेपर्यंत अर्ध्याच तिकिटावर राहिली, तर त्या सह्या खऱ्या आहेत असे समजावे.