उघडं पाणी

गेल्या डिसेंबरात सेनेका तळ्यावरून परतलो, गाडीची किल्ली काढली आणि ती बोटांत धरवेना. उजव्या हाताची दोन बोटं मेणासारखी पांढरी पडली होती. ड्रायसूट अंगात होता, हातमोजे कोरडे होते, पाण्यात पडलोही नव्हतो. साठी उलटली की असं होऊ शकतं, डॉक्टर म्हणाले. गार पाण्यात पडलेल्याला पहिलं मिनिट श्वास सावरायला लागतं आणि पुढे हात चालतात ती दहाएक मिनिटं. माझ्या हातांची दहा मिनिटं आता दहा राहिलेली नाहीत. इथे 1 नोव्हेंबर ते 1 मे लहान होडीत लाइफ जॅकेट अंगावर ठेवण्याचा कायदा आहे. जॅकेट मला तरंगत ठेवील, पण कयाकची कड धरायला बोटं माझीच लागणार.

न्यूयॉर्क राज्यातल्या फिंगर लेक्स भागात मी बावीस हिवाळे कयाकमधून गळ टाकायला उघडं पाणी शोधत आलोय. हनीऑय तळं जेमतेम 9 मीटर खोल. ते लवकर गोठतं आणि बर्फाला भोकं पाडून गळ सोडणारे तिथे तंबू ठोकतात. कायुगा 133 मीटर खोल, सेनेका 188. पाणी 4 अंशांना सगळ्यात जड असतं. वरचा थर गार होऊन खाली बसतो, खालचा वर येतो, आणि एवढ्या खोलीतली ऊब काढून घ्यायला एक हिवाळा सहसा पुरत नाही. म्हणून उणे दहाच्या सकाळीही सेनेका उघडं असतं आणि त्यावरून वाफा निघत असतात.

इथवर नकाशा सांगतो. माझी गाठ पुढे आहे आणि ती मला अजून सुटलेली नाही. सेनेका गोठत नाही ते खोलीमुळे, तसंच वाऱ्यामुळेही. 61 किलोमीटर लांबीचं दक्षिणोत्तर पाणी वारा सतत ढवळतो, साय धरूच देत नाही. कयाक उलटवणारा वाराही तोच. आडोसा शोधावा तर तिथे बर्फ, आणि बर्फ नाही तिथे आडोसा नाही. त्यात होड्या उतरवायचे उतार बांधलेले असतात उथळ, शांत खाचांत, म्हणजे बर्फ पहिल्यांदा धरतो तिथेच. पाणी उघडं आणि दार बंद. दार उघडं मिळालं तरी दुपारी वारा फिरतो आणि खाचेतले सुटे तुकडे ढकलत आणून परतीची वाट बुजवतो. बोटभर जाडीच्या बर्फात वल्हं नुसतं आपटत राहतं, त्याला पाणी लागत नाही, आणि त्या बर्फावर उभंही राहता येत नाही.

म्हणून नकाशावर मी खोलीच्या रेषा एकमेकींना चिकटलेल्या जागा हुडकतो, जिथे खोल पाणी थेट काठाला भिडतं. तिथे पहाटे एक खडा टाकतो. पाणी असेल तर डुबुक. साय असेल तर खडा घसरत जातो आणि पक्ष्यासारखी चिवचिव ऐकू येते. हल्लीची मंडळी उपग्रहाची चित्रं बघून निघतात. इथल्या हिवाळ्यात दिवसचे दिवस आभाळ भरलेलं असतं, आणि उघडलं तरी पातळ पारदर्शक बर्फ वरून पाण्याइतकाच काळा दिसतो. कायुगाच्या पूर्व काठावरचं कोळशाचं वीजकेंद्र 2019 मध्ये बंद झालं, तेव्हा त्याच्या कोमट पाण्यापाशी गळ टाकणारे कित्येकजण हिवाळ्यात घरी बसले. त्यांना ती एक मोरी कळली होती, तळं कळलं नव्हतं. हे मी वर्षानुवर्षं अभिमानानं सांगत आलो.

त्या अभिमानाचंच आता सांगायचं आहे. माझी एक वही आहे. जागा, तारीख, वारा, मिळालेले पर्च मासे. गेल्या वर्षी सिरॅक्यूजचा एक मराठी मुलगा माझ्याबरोबर येऊ लागला, मला काका म्हणतो. त्याला वही वाचायला दिली आणि त्याचे डोळे विस्फारलेले बघून सुखावलो. फेब्रुवारीत तो वहीतल्या एका जागी एकटा गेला. दुपारी तुकडे आत आले. वल्ह्यानं फोडत फोडत उतार गाठायला त्याला दीड तास लागला. रात्री फोनवर त्यानं शांतपणे विचारलं, "काका, तुमच्या वहीत तर तिथे सात वेळा गेल्याचं लिहिलंय."

सात वेळा गेलो होतो. त्याच काठावरून निदान वीस वेळा परत फिरलो होतो, आणि त्यातली एकही वेळ वहीत नव्हती. विसरलो नव्हतो. परतलेला दिवस मला नोंदीच्या लायकीचा वाटला नव्हता. वही कुणीतरी वाचणार आहे हे मनात कुठेतरी होतं आणि वाचणाऱ्यानं मला न परतणारा माणूस समजावं, ही माझी इच्छा होती.

परवा आम्ही दोघं सेनेकावर गेलो. खडा त्यानं टाकला. चिवचिव. दहापर्यंत थांबलो. पलीकडे काळंभोर पाणी वाफाळत होतं, मध्ये वीस हातांची साय. ती फोडून जाणं जमलं असतं. मी वल्हं उचललं. त्यानं काही न बोलता गाडीतून वही आणून माझ्यापुढे धरली. तारीख लिहिली, वारा लिहिला आणि "परतलो" हा शब्द लिहायला पेन टेकवलं. बोटं त्या दिवशी उबदार होती, तरी तो शब्द उमटायला वेळ लागला.