ब्रश, चिकू आणि वाचनाचा तास

चिकू आमच्या घरी आला तेव्हा दोन वर्षांचा होता. पांढराशुभ्र, लांब केसांचा पामेरियन. आधीच्या घरी काय घडलं असेल ते त्यालाच ठाऊक, पण ब्रश दिसला की स्वारी पलंगाखाली! पावसाळ्यात त्याच्या कानांमागे आणि पायांच्या बगलेत केसांचे गुंते झाले. म्हटलं, एकदाचं उरकून टाकू. एका रविवारी ह्यांनी त्याला घट्ट धरलं आणि मी ब्रश फिरवायला लागले. चिकू जांभया देऊ लागला, ओठ चाटू लागला. मला वाटलं, झोप आली असेल. मग तो गुरगुरला. मी "गप्प बस!" म्हणून ओरडले, आणि पुढच्याच क्षणी त्याचे दात माझ्या मनगटाला टेकले. जखम झाली नाही, नुसता इशारा होता.

"आई, तो चिडला नाहीये गं, घाबरलाय," लेक म्हणाली.

जनावरांच्या डॉक्टरांनीही तेच सांगितलं. झोप नसताना जांभई, ओठ चाटणं, तोंड फिरवणं, डोळ्यांतला पांढरा भाग दिसणं, ही सगळी भीतीची भाषा. गुरगुरणं हीसुद्धा सूचनाच. ती दाबली, तर कुत्रा सूचना न देता थेट चावायला शिकतो.

मग पहिलीपासून सुरुवात केली. आधी ब्रश नुसता जमिनीवर ठेवायचा, चिकूने पाहिला की उकडलेल्या चिकनचा बारीक तुकडा. क्रम महत्त्वाचा: आधी ब्रश, मग खाऊ. चार-पाच दिवसांनी ब्रशची पाठ खांद्याला टेकवली. मग एकच हात फिरवला. अर्धा मिनिट झालं की थांबायचं, तो कंटाळायच्या आत. उठून गेला तर जाऊ द्यायचं, मागून ओढायचं नाही. गुंता सोडवताना केस मुळाशी बोटांत धरायचे, म्हणजे कातडी ओढली जात नाही, आणि टोकाकडून सुरुवात करायची. कात्री लावायची नाही, कारण गुंत्यात कातडीही ओढली गेलेली असते. नखं दिवसाला एकच, तीही फक्त टोकाला.

एकदा लग्नाला जायच्या घाईत मी चार हात जास्तच फिरवले. दुसऱ्या दिवशी चिकू पुन्हा पलंगाखाली. आठवडाभराची कमाई दोन मिनिटांत गेली! सगळं जमायला दोन महिने लागले.

बी.एड.ला हे आपण वाचलेलं असतं. १९२४ साली मेरी कव्हर जोन्स यांनी सशाला घाबरणाऱ्या पीटर नावाच्या छोट्या मुलाची भीती अशीच घालवली होती. तो आवडीचं खात असताना ससा हळूहळू जवळ आणत नेला. मी ते परीक्षेपुरतं पाठ केलं होतं.

खरं सांगायचं तर मला चिकूपेक्षा जास्त आठवला तो माझ्या चौथीच्या वर्गातला एक मुलगा. प्रकट वाचनात त्याची पाळी जवळ आली की तो जांभया द्यायचा. "रात्री झोपत नाहीस का रे?" असं मी त्याला सगळ्यांसमोर विचारलं होतं. वर्ग हसला होता. मीही हसले होते.

आता त्याची पाळी कधी येणार हे मी त्याला आदल्या दिवशीच सांगते. आधी सगळ्यांबरोबर समूहवाचन, मग माझ्या टेबलाजवळ उभं राहून एक ओळ, मग शेजारच्या मित्राला दोन ओळी. "बाई, आज नको" म्हणाला, तर नको. मात्र उद्या पुन्हा विचारते.

पूर्ण धडा त्याने अजून वर्गासमोर वाचलेला नाही. गेल्या आठवड्यात जागेवर उभं राहून तीन ओळी वाचल्या आणि तो थांबला. आणखी एक परिच्छेद वाचून घ्यावा, असं अगदी तोंडावर आलं होतं. पण लग्नाची ती घाई आठवली. म्हटलं, "छान. आज एवढंच."

पालकांनो, घरी अभ्यास घेताना मूल जांभई देऊ लागलं, तर आवाज चढवण्याआधी एकदा त्याच्या डोळ्यांकडे नीट बघा. दर वेळी ती झोपच असते असं नाही.