फ्रिजपुढचा फोटो

"कॅमेरा तुझ्याकडे आहे ना? मग तूच काढ," असं आमच्या विभागप्रमुख बाई म्हणाल्या तेव्हा मला आनंदच झाला होता.

ही गोष्ट फेब्रुवारी २०२४ मधली. थायलंडच्या ईशान्य भागाला इसान म्हणतात. तिथल्या रोई-एत प्रांतातल्या एका लहान गावात मी इंग्रजी शिकवते. तिकडे शाळेचं नवीन वर्ष मे महिन्यात सुरू होतं आणि त्याआधी प्रवेशाचे बॅनर लागतात. इंग्रजी विभागाच्या बॅनरसाठी फोटो हवे होते. विभागात आम्ही चौघं: दोन थाई शिक्षिका, पूर्व युरोपातून आलेला एक तरुण आणि वाशिम जिल्ह्यातली मी.

दोन दिवस मी शाळाभर फिरून फोटो काढले. शेवटी ट्रायपॉड लावला, टायमर सुरू केला आणि पळत जाऊन बाकी तिघांच्या शेजारी उभी राहिले. चौघांचा तो फोटो चांगला आला होता. बॅनर लागला तेव्हा त्यावर तो नव्हता. मधोमध मोठा करून आमचा युरोपीय सहकारी, त्याच्याभोवती मुलं, कोपऱ्यात थाई शिक्षिका. मी कुठेच नाही. सगळे फोटो मात्र माझे.

मी बाईंना विचारलं. त्या मनापासून संकोचल्या. म्हणाल्या, "फोटो फार सुंदर आहेत. पण पालकांना फरांग दिसायला हवा ना. वाईट वाटून घेऊ नकोस."

फरांग म्हणजे गोरा परदेशी. आपल्यासारख्या भारतीयांसाठी थाई भाषेत वेगळा शब्द आहे, 'खेक'. त्याचा मूळ अर्थ पाहुणा.

गंमत अशी की आमच्या त्या सहकाऱ्याची मातृभाषासुद्धा इंग्रजी नाही. तोही माझ्यासारखाच शाळेत पाठांतर करून इंग्रजी शिकला. बॅनर पाहून तोच जास्त ओशाळला. मला म्हणाला, "मी उभाच राहायला नको होतं." माझा त्याच्यावर राग नव्हता. खरं सांगायचं तर मला राग येण्याऐवजी एक जुनी ओळखीची भावना आली. असं आपल्याला आधीही कोणीतरी खोडलंय, अशी.

पण त्याआधी मी तिथे पोचले कशी ते सांगते.

माझं गाव रिसोड तालुक्यात. खरिपाला सोयाबीन, त्यात तूर, विहिरीला पाणी टिकलं तर हरभरा. २००० साली राज्य सरकारने मराठी शाळांमध्ये पहिलीपासून इंग्रजी सुरू केलं, त्याच वर्षी मी जिल्हा परिषदेच्या शाळेत पहिलीत गेले. म्हणजे इंग्रजी आणि मी बरोबरच शाळेत आलो. आमचे गुरुजी 'इस्कूल' म्हणायचे, आम्हीही 'इस्कूल' म्हणायचो आणि कोणाचं काही अडत नव्हतं. पुढे अमरावती विद्यापीठातून इंग्रजीत एम. ए. केलं, २०१९ मध्ये बी. एड. झालं आणि मग अडायला लागलं. २०१७ नंतरची शिक्षक अभियोग्यता चाचणी थेट २०२३ मध्ये झाली. मधल्या काळात तासिका तत्त्वावर शिकवलं. म्हणजे जितके तास शिकवाल तितके पैसे, तेही सहा-सहा महिने उशिरा. नोकरीसाठी आकडे सांगणारेही भेटले. त्या आकड्यात आमचं अर्धं शेत गेलं असतं.

थायलंडचं एका मैत्रिणीकडून कळलं. पदवी, पोलीस पडताळणी आणि ज्यांची मातृभाषा इंग्रजी नाही त्यांच्यासाठी टोईक नावाच्या परीक्षेचे गुण. कित्येक जाहिरातींत पहिलीच ओळ असायची: फक्त नेटिव्ह स्पीकर. त्या सोडून उरलेल्या ठिकाणी मी अर्ज केले आणि २०२२ मध्ये गेले.

जाताना वाटलं होतं, फार परकं असेल. पण पहिल्याच आठवड्यात मुलं मला 'ख्रू' म्हणायला लागली. शिक्षकासाठीचा थाई शब्द. तो आपल्या 'गुरु'वरूनच आलाय. प्राथमिकला 'प्रथोम', माध्यमिकला 'मथ्थयोम', भाषेला 'फासा'. सकाळी आठला झेंडा वर चढतो, राष्ट्रगीत होतं, रांगेतली मागची मुलं एकमेकांना ढकलतात. वर्गाबाहेर बुटांचा ढीग. एका वर्गात चाळीसच्या वर मुलं. ती 'स्कूल'ला 'सकून' म्हणतात आणि 'फुटबॉल'ला 'फुटबोन', कारण थाईत शब्दाच्या शेवटचा ल हा न होतो. पहिल्यांदा 'सकून' ऐकलं तेव्हा मला आमचं इस्कूल आठवलं आणि भर वर्गात हसू आलं.

तरी मी स्वतः मात्र घरी आरशासमोर उभी राहून ट आणि ड मऊ करायचा सराव करायचे. व्हीडिओ बघून अमेरिकन आवाज काढायचे. तासाला तोच आवाज लावायचा, संध्याकाळपर्यंत घसा दुखायचा. रात्री साडेनऊला, म्हणजे इकडे आठ वाजता, आईचा फोन यायचा आणि तिच्याशी वऱ्हाडीत बोलायला लागले की जबडा सैल झाल्यासारखा वाटायचा.

कॅमेरा २०२३ मध्ये घेतला. सेकंड हँड, पन्नास एमएमच्या एका लेन्ससकट. कारण साधं होतं, शनिवार-रविवार कसा घालवायचा कळत नव्हतं. थाईत फोटोला 'रूप' म्हणतात. फोटो काढणं म्हणजे 'थाय रूप'. हा शब्द कळल्यावर मला तो छंद आणखी आवडायला लागला.

सुरुवातीचे माझे सगळे फोटो एकाच प्रकारे बिघडायचे. शाळेच्या पांढऱ्या भिंतीसमोर मुलं उभी केली की भिंत राखाडी यायची आणि चेहरे काळवंडलेले. नंतर कारण समजलं. कॅमेऱ्यातला मीटर असं धरून चालतो की समोरचं सगळं मिळून मध्यम करड्या रंगाचं आहे. पांढरी भिंत जास्त दिसली की त्याला वाटतं, उजेड फार झाला. मग तो फोटो अंधारा करतो आणि सावळा चेहरा त्यात बुडतो. उपाय एका डायलचा आहे. एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन प्लस वन करायचं. म्हणजे कॅमेऱ्याला सांगायचं, तुझा अंदाज चुकतोय, उजेड दुप्पट घे.

हे शोधता शोधता मला शर्ली कार्डची माहिती मिळाली. १९५० च्या दशकापासून कोडॅक कंपनी फोटो लॅबना एक नमुना-फोटो पाठवायची. त्यावर एक गोरी बाई. तिच्या त्वचेचा रंग बरोबर आला की मशीन बरोबर लागलं, असा हिशोब. पहिल्या मॉडेलच्या नावावरून त्या कार्डांना शर्लीच म्हणायला लागले. बाकी सगळ्या जगाचे चेहरे शर्लीच्या हिशोबाने छापले जायचे आणि सावळे-काळे लोक फोटोत नीट येत नाहीत, असं लोकांना वाटायचं. वेगवेगळ्या वर्णांच्या बायका असलेली कार्डं यायला १९९० चं दशक उजाडलं.

ते वाचून मी बराच वेळ गप्प बसले. कारण २०२० मध्ये वाशिमच्या एका स्टुडिओत स्थळांना पाठवायला माझा फोटो काढला होता. मान इतकी वळव, दात दिसू देऊ नको, आणि शेवटी कॉम्प्युटरवर मला निदान तीन शेड गोरं केलं. तो फोटो पाहून आलेल्या एका मुलाच्या आईने मला पाहिल्यावर नुसतं "अच्छा" म्हटलं होतं. बॅनर पाहिल्यावर मला आठवलेली भावना ती होती.

आता एवढ्यावर ही गोष्ट संपवता आली असती. जग कसं गोऱ्या चेहऱ्याच्या मागे लागलंय, वगैरे. पण एप्रिलमध्ये मी सुट्टीला घरी आले आणि गोष्ट माझ्याच अंगावर आली.

एप्रिलमधलं वाशिम तुम्हाला माहीत असेल. दहा वाजताच डोळे मिटून चालावं लागतं. आईने कुरडयांचा घाट घातला होता. घरात गॅस आहे, पण मोठं पातेलं असलं की ती अंगणातली चूल पेटवते. पहाटेचा कोवळा उजेड, धूर, त्यात आईचा चेहरा. मी धावत कॅमेरा आणला. मनात म्हटलं, हाच तो फोटो. थायलंडमधल्या मित्रमैत्रिणींना दाखवायला, इन्स्टाला टाकायला, असा फोटो आपल्याकडे नाहीच.

आईने हात आडवा धरला. "थांब, येथी नको काढू."

"अगं आई, किती छान उजेड आहे. अशीच बस."

"येथी नको म्हटलं ना."

ती उठून आत गेली. पंधरा मिनिटांनी आली तेव्हा अंगावर मोरपंखी साडी होती, जी ती फक्त लग्नाकार्याला नेसते. केस विंचरलेले. ती सरळ स्वयंपाकघरात गेली आणि फ्रिजसमोर उभी राहिली. पांढरा, दोन दारांचा. माझ्या तिकडच्या पगारातून घेतलेला.

"येथी काढ."

मी वैतागले. म्हटलं, "आई, फ्रिजसमोर कोण फोटो काढतं? चुलीपाशी किती नॅचरल दिसत होतीस."

तेव्हा ती जे म्हणाली ते मी अजून विसरलेले नाही. "चुलीजवळचा फोटो लोकाइले दाखवशीन, मंग लोक काय म्हणतीन? पोरगी परदेशात मास्तरीण हाये अन् माय अजून चूल फुकते. तुले धूर चांगला दिसते बाई. मले तो रोजचाच हाये."

मला एकदम तिकडची एक आजी आठवली. आदल्या नोव्हेंबरमध्ये भातकापणी चालू असताना मी सायकलवरून जात होते. माझ्या वर्गातल्या एका मुलीची आजी शेतात होती. फाटका शर्ट, डोक्याला गुंडाळलेलं फडकं, हातात विळा. लांबून फोटो घेतला, न विचारता. इन्स्टावर टाकला, खूप आवडला लोकांना. मी कौतुकाने तो त्या मुलीला दाखवला. ती बराच वेळ बघत राहिली आणि तिच्या मोडक्या इंग्रजीत म्हणाली, "टीचर, याय हॅव ब्युटिफुल शर्ट." याय म्हणजे आईची आई. मी म्हटलं, "येस, येस, ब्युटिफुल." आणि वर तिच्या वाक्यातला 'हॅव'चा 'हॅज' करून दिला.

ती मला शर्टाचं कौतुक करत नव्हती. ती सांगत होती की आजीकडे चांगला शर्ट आहे. तू तो घालू दिला नाहीस.

शाळेला इंग्रजीचा एक ठरलेला चेहरा हवा होता, म्हणून त्यांनी मला फोटोबाहेर ठेवलं. मला गावाचा एक ठरलेला चेहरा हवा होता, म्हणून मी आईला फ्रिजपासून हटवू पाहत होते. एका ठिकाणी मी खोडली गेले होते, दुसऱ्या ठिकाणी खोडरबर माझ्या हातात होतं. माझ्याही डोक्यात एक शर्ली कार्ड होतं. त्यावर धूर, सुरकुत्या आणि फाटकी बाही होती, एवढाच फरक.

मी कॅमेरा उचलला. पहिला फोटो अर्थातच बिघडला. पांढऱ्या फ्रिजने मीटरला फसवलं, आईचा चेहरा काळवंडला. मी डायल प्लस वनवर नेलं. आईने एक हात फ्रिजच्या हँडलवर ठेवला, पदर नीट केला आणि अजिबात न हसता लेन्समध्ये पाहिलं. जुन्या काळी लोक स्टुडिओतल्या रंगवलेल्या पडद्यासमोर उभे राहायचे, तशी. तिच्या लग्नानंतरचा रिसोडमधला एक तसाच फोटो आमच्या घरात आहे. मागे धबधबा, बाजूला प्लास्टिकची फुलं. तो फोटो मला लहानपणापासून खोटा वाटायचा. आता वाटतं, त्या एका फोटोत तरी तिला कोणी कामाला लावलं नव्हतं.

फोटो छापायला आम्ही दोघी वाशिमला गेलो. लॅबमधल्या मुलाने स्क्रीनवर फोटो उघडला आणि सवयीने विचारलं, "मावशी, चेहरा थोडा ब्राईट करू का? गोरा दिसेल."

मी काही बोलायच्या आत आई म्हणाली, "नको रे बापा. मंग लोक वळखतीन का मले?"

मे महिन्यात मी परत गेले. बॅनर तसाच होता, पावसाने थोडा फिका झालेला. त्याबद्दल मी पुन्हा काही बोलले नाही, कारण ती नोकरी मला हवी आहे. त्या आजीचा फोटो मी इन्स्टावरून काढला आणि तिच्या नातीला म्हटलं, आजीला विचार, कसा फोटो हवा. पुढच्या रविवारी आजी गुलाबी शर्ट घालून तिच्या दारात, मुलाच्या मोटारसायकलवर हात ठेवून उभी होती. मुलांचेही मी आता चोरून फोटो काढत नाही. विचारते. मग सगळी रांगेत उभी राहून बोटांचे बदाम करतात आणि चाळीसच्या चाळीस फोटो सारखे येतात.

वर्गात अमेरिकन आवाज काढणं मात्र मी सोडलं. माझा ट आहे तसा जड येतो. मुलांना काही फरक पडलेला दिसत नाही. ती अजूनही 'सकून'च म्हणतात.

आईचा फोटो आता घरी टीव्हीच्या वर आहे. चुलीचा फोटो माझ्याकडे नाही.