दव पडण्याआधी

नवी मुंबईच्या हिवाळ्याला कोणी कडाक्याचा म्हणणार नाही. नाशिक-निफाडला द्राक्षबागांत शेकोट्या पेटतात, महाबळेश्वरच्या वेण्णा तलावाकाठी दवबिंदू गोठतात. इथे मात्र पहाटे पारा १५-१६ अंशांवर उतरला तरी कपाटातली शाल बाहेर निघते. असे असूनही वाशी, नेरूळ, खारघर किंवा पनवेल इथल्या कोणत्याही गाडीमालकाला विचारावे : गाडी सर्वांत अधिक मळते ती कधी? उत्तर पावसाळा असे येत नाही. पावसात निदान वरून धुऊन तरी निघते. खरा मळ चढतो तो मार्गशीर्ष-पौषात.

याचे कारण हवेतच आहे. थंडीच्या दिवसांत समुद्रावरून येणारा वारा उशिरा सुटतो आणि लवकर थकतो. रात्री जमिनीलगतची हवा गार होते, तिच्यावर उबदार हवेचा थर झाकणासारखा बसतो आणि दिवसभराची धूळ त्या झाकणाखाली अडकून राहते. धुळीला तर या शहरात तोटा नाही. उंच इमारतींची बांधकामे, ठाणे-बेलापूर रस्त्यावरची अवजड वाहतूक, कळंबोलीच्या लोखंड बाजाराचे ट्रक, खडी वाहून नेणारे डंपर. त्यात रात्री निरभ्र आकाशाखाली गाडीचे छप्पर आणि काच आसपासच्या हवेहूनही गार होतात आणि त्यांवर दव जमते. धूळ आणि दव यांचा जो चिखल तयार होतो, तो सकाळच्या उन्हात वाळून चिकटतो. त्यात सिमेंटचा अंश असेल, तर नुसत्या पाण्याने तो सुटतही नाही.

वाशीच्या मसाला बाजारात हळदीचा व्यापार करणारे एक कुटुंब आहे. मूळ सांगलीकडचे, दिगंबर जैन. हळदीची पेठ सांगलीची आणि गिऱ्हाईक मुंबईचे, म्हणून वडिलांच्या काळात ते मुंबईला आले आणि घाऊक बाजार मस्जिद बंदरातून खाडी ओलांडून वाशीला हलला, तेव्हा त्यांनीही बिऱ्हाड हलवले. घरातील कर्त्या गृहस्थांना सारे अण्णा म्हणतात. त्यांच्या मातोश्री, म्हणजे नातवंडांची आजी, ऐंशीच्या उंबरठ्यावर असूनही रोज पहाटे मंदिरात जातात. अण्णांची गाडी काळ्या रंगाची. काळा रंग मुलाने निवडला. ज्यांच्या मालाची पिवळी भुकटी दिवसभर हवेत तरंगते त्यांनी काळी गाडी का घ्यावी, हा आजींचा प्रश्न गेली चार वर्षे अनुत्तरित आहे.

गाडी पुसायला बिहारचा एक तरुण येतो. पहाटे चार ते सात या वेळात सोसायटीतील वीस गाड्या त्याच्याकडे. एक बादली, दोन फडकी. पहिल्या गाडीपाशी पाणी निवळ असते, पाचवीपाशी चहासारखे होते आणि दहावीनंतर त्याला पाणी म्हणणे ही केवळ रीत उरते. अण्णांची गाडी क्रमाने चौदावी. थंडीत त्याची बोटे इतकी बधिर होत की फडके पिळणेही जमत नसे. आजी मंदिराकडे जाताना हे पाहत. त्यांनी एकदा सांगितले, "अरे, त्याला गरम पाणी तरी दे." अण्णांनी हो म्हटले आणि ते विसरले. विसरणे सोपे होते, कारण अण्णा खाली उतरत तेव्हा गाडी चकचकीत दिसत असे.

गेल्या हिवाळ्यात चातुर्मासानंतर एका आर्यिकासंघाचा विहार पुण्याच्या दिशेने सुरू होता. खालापूरच्या अलीकडे मुक्काम असलेल्या संघासाठी चौका लावायचा म्हणून अण्णा सोवळ्याचे सामान घेऊन भल्या सकाळी निघाले. सोबत मागच्या आसनावर आजी. निघताना नेहमीच्या सवयीने त्यांनी काचेवरच्या दवावर वायपर फिरवला आणि गाडी बाहेर काढली. सायन-पनवेल महामार्ग वाशीकडून आग्नेयेला जातो आणि हिवाळ्यातला सूर्यही आग्नेयेलाच उगवतो. कळंबोली मागे पडेपर्यंत काही जाणवले नाही. पनवेलच्या पुढे जुन्या पुणे रस्त्याला लागल्यावर धुक्यातून सूर्य एकदम समोर आला आणि संपूर्ण काच पांढरी झाली. वायपरच्या वाटेने उमटलेला प्रत्येक चरा, आतल्या बाजूचा प्रत्येक ओघळ उजळून निघाला. रस्ता मात्र नाहीसा झाला. त्या पांढऱ्या पडद्यात पांढऱ्याच साड्या होत्या. रस्त्याच्या कडेने सात-आठ आर्यिका आणि दोन श्राविका चालल्या होत्या. अण्णांना त्या दिसल्या तेव्हा मधले अंतर फार थोडे उरले होते. ब्रेक लागला, गाडी तिरपी होऊन थांबली. कोणाला धक्काही लागला नाही. आर्यिका क्षणभर थबकल्या, एकीने पिच्छी सावरली आणि त्या पुढे निघाल्या. अण्णांचे हात मात्र बराच वेळ चाकावरून निघेनात.

ज्या संघाला आहार द्यायला निघालो, तोच संघ. पुढचे कितीतरी दिवस अण्णांच्या तोंडी दुसरे वाक्य नव्हते. विहारात वाहनांखाली सापडून साधू-साध्वींचे देहावसान झाल्याच्या वार्ता समाजाला नव्या नाहीत. आपण दोष देतो तो वेगाला आणि मद्यपी चालकाला, आणि तो योग्यही आहे. परंतु अण्णांची गाडी वेगात नव्हती. ती केवळ 'स्वच्छ' होती.

कारागिराने काच तिरप्या उजेडात धरून दाखवली, तेव्हा उलगडा झाला. या भागातली धूळ बहुतांशी फोडलेल्या काळ्या पाषाणाची आणि वाळूची असते. गाडीच्या रंगावरील पारदर्शक थराहून ती कितीतरी कठीण आणि वाळूचा कण तर काचेलाही ओरखडा काढणारा. दवाने ओल्या झालेल्या त्या खरेवर रोज सकाळी वायपर फिरवणे म्हणजे काचेला पॉलिश कागद घासण्यासारखेच होते. चौदाव्या गाडीपर्यंत पोहोचलेले फडके रंगावरही तेच करीत होते. काळ्या रंगावर उन्हात दिसणारी कोळ्याच्या जाळ्यासारखी वर्तुळे त्याचीच. वायपरचे रबर उन्हाने कडक झाले होते, तेही वर्षानुवर्षे बदललेले नव्हते. आणि काचेच्या आतल्या बाजूला एक तेलकट, धुरकट थर होता. डॅशबोर्डचे प्लॅस्टिक तापले की त्यातून निघणारी वाफ काचेवर बसते. वर अण्णा रोज सकाळी गाडीत उदबत्ती लावीत, तिचाही धूर. हा थर एरवी दिसत नाही, सूर्य किंवा समोरचा दिवा अंगावर आला की मगच दिसतो. नखाला लागेल इतका खोल चरा घासून निघत नाही, म्हणून काच बदलावी लागली. खर्चाचा आकडा ऐकून आजी म्हणाल्या, "स्वस्तात सुटलास."

नंतर त्यांनी नातवाला एक गोष्ट सांगितली, ती त्याला अनपेक्षित होती. साधूंचा आचार सांगणाऱ्या मूलाचारात पाण्याचे प्रकार मोजताना विहिरी-नद्यांच्या पाण्यापाशी थांबलेले नाहीत. तिथे दव आहे, हिम आहे, धुके आहे. श्वेतांबर परंपरेच्या दशवैकालिकातही अशीच यादी आहे. दव हा अप्कायच, एकेंद्रिय जीव. गृहस्थाला साधूचे महाव्रत सांगितलेले नाही, त्यामुळे गाडीवरचे दव पुसणे हे काही पाप म्हणून आजी सांगत नव्हत्या. त्यांचे म्हणणे एवढेच की ज्या कामाला दव पडण्यापूर्वी हात घालता येतो, ते दव पडल्यावर कशाला? संध्याकाळी धूळ कोरडी आणि सुटी असते. ती तेव्हाच अलगद झाडली, तर रात्रीच्या दवाचा चिखल होणारच नाही. स्वच्छ पत्र्यावरचे दव सकाळी उन्हाने आपोआप उडून जाईल.

नातू अभियांत्रिकीचा विद्यार्थी. त्याला या बोलण्यात धर्मापेक्षा भौतिकशास्त्र अधिक दिसले, पण त्याने वाद घातला नाही. त्याला एक गोष्ट मात्र फार आवडली. मयूरपिच्छीचे पाच गुण मूलाचारात सांगितले आहेत : ती धूळ धरत नाही, घाम शोषत नाही, मऊ असते, सुकुमार असते आणि हलकी असते. गाडी झाडण्याचा ब्रश कसा असावा याचे याहून नेमके वर्णन गाड्यांच्या कोणत्याही पुस्तिकेत नसेल! मोराने आपण होऊन टाकलेल्या पिसांची पिच्छी गाडीवर अर्थातच कोणी फिरवणार नाही. परंतु लांब मऊ केसांचा ब्रश, त्यावर जराही दाब नाही, एकाच दिशेने आणि वरून खाली, हा क्रम त्या घरात ठरला. झाडण्यापूर्वी एकदा पाहून घ्यायचे. आरशाच्या मागे कोळी राहतो, वायपरच्या खाचेत मुंग्या असतात. आधी पाहायचे, मग झाडायचे.

पाण्याचाही हिशोब बदलला. पूर्वी रविवारी नातू नळीने गाडी धुवी. नळीतून मिनिटाला साधारण दहा-बारा लिटर पाणी सहज जाते, म्हणजे पाव तासात दीडशे लिटरच्या पुढे. तेही न गाळलेले. मोरबे धरणातून इथपर्यंत आलेले पाणी टायरवर सोडून द्यायचे. आता दोन छोट्या बादल्या असतात आणि दोन्हींत मिळून आठ-दहा लिटर गाळलेले पाणी. एकीत फडके भिजवायचे, दुसरीत मळलेले फडके खंगाळायचे, म्हणजे खर पुन्हा पत्र्यावर जात नाही. हे रविवारी एकदा, एरवी केवळ झाडणे. ज्या घरांत उकळलेले पाणी पिणारे कोणी आहे, तिथे आणखी सोय आहे. श्वेतांबर परंपरेत त्या पाण्याची हिवाळ्यातली मर्यादा चार प्रहरांची. दिवस मावळताना उरलेले पाणी टाकावेच लागते. ते काचेला वापरावे. उकळल्याने पाण्यातले काही क्षार तळाशी बसतात, त्यामुळे बोअरवेलच्या पाण्याने पडतात तसे पांढरे डाग काचेवर तितके पडत नाहीत.

सकाळी उरते ती फक्त काच. स्वच्छ काचेवरचे दव ओलसर मऊ फडक्याने टिपून घ्यायचे, मग वायपर. आतून वाफ धरली तर हात फिरवायचा नाही. वातानुकूलन चालू करून झोत काचेकडे वळवायचा आणि हवा बाहेरची घ्यायची, कारण ते यंत्र हवा कोरडीही करते. उलट बाहेरच्या बाजूने धूसर झाले, तर काच आतून अति गार झाली असे समजून थंडावा कमी करायचा. उदबत्ती आता दुकानातच लागते.

गाडीच्या आतल्या स्वच्छतेचा विषय व्यापारी घरांत वेगळाच असतो. धान्य आणि मसाल्याच्या व्यापाऱ्याची गाडी म्हणजे फिरती वखार. वानगीच्या पुड्या दाराच्या कप्प्यात, आसनाखाली चार दाणे गव्हाचे, दोन तुरीचे, खाकऱ्याचा चुरा. थंडीत उबेसाठी बॉनेटखाली शिरलेल्या उंदराला आत भोजनही मिळाले, तर तो मुक्कामालाच राहतो आणि वायरी कुरतडतो. मग गॅरेजवाला विष किंवा चिकट पुठ्ठा सुचवतो आणि जैन गृहस्थ पेचात पडतो. हा पेच पडूच नये अशी वाट एकच, रोज संध्याकाळी आसनाखाली झाडू. अण्णांनी वानगीसाठी घट्ट झाकणाचे डबे घेतले. निघण्यापूर्वी बॉनेटवर दोन थापा मारण्याचीही सवय लागली; एका सकाळी आतून मांजर बाहेर आले आणि अण्णांकडे तक्रारीच्या नजरेने पाहत निघून गेले.

राहिला प्रश्न त्या तरुणाचा. गाडी आता दुपारी चारनंतर बाजारातच झाडली जाते, तर पहाटे त्याला काम काय? हिशोबी मनाने अण्णांनी महिना कमी करण्याचा विचार बोलून दाखवला. दशलक्षण पर्वात रोज एक अध्याय याप्रमाणे तत्त्वार्थसूत्र ऐकत आलेल्या आजींनी सातव्या अध्यायातला एकच शब्द आठवून दिला : अतिभारारोपण. अहिंसा अणुव्रताच्या पाच अतिचारांतला हा एक. बैलावर पेलणार नाही इतके ओझे लादू नये, एवढाच त्याचा अर्थ अण्णा लहानपणापासून समजत आले होते. तीन तासांत वीस गाड्या, गार पाण्यात, हे त्यात मोडते की नाही यावर त्या रात्री जेवणानंतर बराच वेळ चर्चा झाली.

महिना तेवढाच राहिला. तरुण आता अण्णांच्या गाडीची केवळ काच टिपतो, कोमट पाण्याच्या तांब्याने आणि त्या गाडीसाठी वेगळ्या ठेवलेल्या फडक्याने. तांब्या आजी स्वतः खाली पाठवतात. मात्र उरलेल्या एकोणीस गाड्यांवर अजून तीच एक बादली फिरते. प्रत्येक घराने आपले फडके आणि गरम पाणी द्यावे, असा ठराव अण्णा सोसायटीच्या पुढच्या सभेत मांडणार आहेत. कार्यक्रमपत्रिकेत त्याच्या आधी लिफ्टचा विषय आहे, आणि लिफ्टचा विषय गेल्या तीन सभांत संपलेला नाही.